सातबारा, सीलिंग आणि स्वातंत्र्याचा हिशेब

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माळशिरस तालुक्यातल्या एका शाळकरी मित्राचा फोन आला, ‘घरी ये, पेढे खायचेत.’ गेलो तर त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून नवाकोरा सातबारा काढून पुढे ठेवला. त्याच्या आजोबांनी साखर कंपनीला खंडाने दिलेली जमीन तिसऱ्या पिढीत घरी परतली होती. काकींनी त्या कागदाला हळदी-कुंकू लावलेले होते. म्हणाल्या, “बघ बाबा, सासऱ्यांचं नाव परत आलं.” मी पेढा खाल्ला, मित्राला मिठी मारली, मनापासून आनंद झाला.

घरी येऊन अम्मीला सांगितले. ती म्हणाली, “चांगलं झालं. तुझ्या दादानं अशाच एका मळ्यावर जन्मभर दारं धरली.” एवढेच बोलून ती कामाला लागली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दादांचे नाव कुठल्याच सातबाऱ्यावर कधी नव्हते, त्यामुळे परत यायलाही काही नव्हते.

स्वतंत्रतावाद, म्हणजे ज्याला इंग्रजीत लिबर्टेरियनिझम म्हणतात, त्याच्याविषयी लिहायला बसतो तेव्हा मला हे दोन माणसे आठवतात. सातबारा परत मिळालेला मित्र, आणि दारे धरणारे दादा. पहिल्याची बाजू हा विचार फार चांगली मांडतो. दुसऱ्यापाशी आला की त्याला शब्द सापडत नाहीत.

हा विचार थोडक्यात असा. माणूस स्वतःच्या देहाचा, श्रमाचा आणि कमाईचा मालक आहे. सरकारचे काम चोर-दरोडेखोरांपासून आणि फसवणुकीपासून त्याचे रक्षण करणे, एवढेच. भाव ठरवणे, परवाने वाटणे, कोणी किती जमीन ठेवावी हे सांगणे, कोणी काय खावे हे बघणे ही सरकारची कामे नव्हेत. अमेरिकेत रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ साली एका ग्रंथातून याची तात्त्विक बांधणी केली. त्याआधी १९४४ मध्ये फ्रिडरिक हायेक यांनी सरकारी नियोजनातून गुलामी कशी येते, हे सांगितले होते. आपल्याकडे १९५९ साली काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. त्याला विरोध म्हणून राजाजी, एन. जी. रंगा, मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ च्या निवडणुकीत या पक्षाचे ४४ खासदार निवडून आले आणि पुढच्या काही वर्षांत तो पक्ष विरघळून गेला.

मराठी मुलखात मात्र हा विचार पुस्तकातून आला नाही, कांद्याच्या आणि उसाच्या ढिगावरून आला. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून १९७६ च्या सुमारास परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, आणि स्वतः शेती करून तोट्याचा हिशेब मांडला. शेतकरी गरीब आहे तो आळसामुळे किंवा अडाणीपणामुळे नव्हे, सरकार त्याच्या मालाचे भाव पाडते म्हणून, हे त्यांचे निदान होते. १९८० साली नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचे आंदोलन पेटले, उसाला टनामागे तीनशे रुपये मागणारे शेतकरी रस्त्यावर बसले, गोळीबार झाला, माणसे मेली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आमच्या भागातल्या भिंतींवर मी लहानपणी वाचली आहे. चुन्याने लिहिलेली अक्षरे पावसाने पुसट झाली तरी वाचता यायची.

माळशिरस हा तालुका या विषयासाठी जणू प्रयोगशाळा आहे. भाटघरचे नवे धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले आणि नीरा उजव्या कालव्याने या कोरड्या पट्ट्याचे नशीब पालटले. पाणी आले, पण ऊस लावायला भांडवल कुठून आणायचे? ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या शेतकऱ्याकडे ना बैलजोड्या, ना खताला पैसा, ना कालव्याची पाणीपट्टी भरायची ताकद. साखर कंपन्यांकडे हे सगळे होते. शेतकऱ्यांनी त्यांना दीर्घ मुदतीच्या कराराने जमिनी खंडाने दिल्या. खंडकरी हा शब्द तिथून रुजला. परगावचा माणूस खंडकरी म्हणजे कूळ समजतो. इथे उलट आहे. जमिनीचा मूळ मालक तो खंडकरी, आणि कसणारी कंपनी.

याच काळात सासवडकडचे माळी बागायतदार या कालव्यावर आले. त्यांनी आपापसात भाग गोळा करून १९३२ साली सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी केली. तेच आजचे माळीनगर. शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने उभारलेला कारखाना, तोही सहकाराची लाट यायच्या कितीतरी आधी. १९३४ मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली. श्रीपूरचा कारखाना तिचाच होता. स्वतंत्रतावाद्याला हा इतिहास सांगितला की तो खूश होतो. माणसांना मोकळे सोडा, ती आपली आपण एकत्र येतात, उद्योग काढतात, याचा यापेक्षा चांगला दाखला कोणता?

दाखला खरा आहे, फक्त अर्धा आहे. कालवा सरकारने काढला. पाण्याची पाळी सरकारने ठरवली. आणि १९३२ सालीच इंग्रज सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा करून परदेशी साखरेवर जकात बसवली. जावाच्या स्वस्त साखरेपुढे आपली साखर त्यामुळेच टिकली आणि देशभर पाच-सहा वर्षांत कारखान्यांचे पीक आले. माळीनगरच्या माणसांचे कष्ट आणि धाडस कमी लेखायचे नाही. पण खाजगी धाडसाच्या पायाखाली सरकारी पाट वाहत होता, हे सांगितले नाही तर तो इतिहास होत नाही, जाहिरात होते.

आता स्वतंत्रतावादाची खरी ताकद जिथे दिसते तिथे येऊ. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्याला मालक केले, पण उसासाठी दिलेल्या खंडाच्या जमिनी त्यातून वगळल्या. म्हणजे कंपन्या मालक झाल्या नाहीत, मालकी खंडकऱ्याकडे राहिली. मग १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदा आला आणि २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. त्यालाच आपण सीलिंग म्हणतो. कंपनीच्या ताब्यात किती जमीन आहे हे मोजताना तिच्या मालकीची आणि तिने खंडाने घेतलेली, अशी दोन्ही जमीन एकत्र मोजली. मर्यादेवरची सरकारने घेतली. १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झाले आणि हे मळे त्याच्याकडे गेले.

यात काय घडले ते नीट पाहावे. कायदा होता मोठ्या जमीनदाराविरुद्ध. पण खंडकऱ्यांत पाच-दहा एकरवालेही होते, ज्यांची स्वतःची जमीन सीलिंगच्या जवळपासही नव्हती. त्यांनी भाड्याने दिलेली वस्तू भाडेकरूकडे ‘जास्त’ झाली म्हणून सरकारने उचलली, आणि ती मूळ मालकाला परत न देता स्वतःकडे ठेवली. गावातल्या भाषेत सांगायचे तर मी शेजाऱ्याला गाय सांभाळायला दिली, शेजाऱ्याच्या गोठ्यात गायी फार झाल्या म्हणून पाटलाने माझीच गाय नेली. आणि दाद कुठे मागायची? कायदा १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात टाकलेला, म्हणजे मूलभूत हक्कांचा भंग झाला म्हणून तो न्यायालयात रद्द करून घेता येत नव्हता. पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतूनच काढला गेला.

इथे अमर हबीब यांचे नाव घ्यायला हवे. अंबाजोगाईचा हा मराठी मुसलमान कार्यकर्ता जयप्रकाशांच्या आंदोलनातून आला, आणीबाणीत तुरुंगात गेला, शेतकरी संघटनेत राहिला आणि नंतर किसानपुत्र आंदोलन उभे केले. सीलिंग, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे शेतकऱ्याच्या गळ्यातले फास आहेत, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले. साहेबराव करपे यांच्या कुटुंबाने १९८६ साली १९ मार्चला जीवन संपवले. त्या दिवशी दरवर्षी अन्नत्याग करायचे आवाहन त्यांनीच सुरू केले. आमच्या समुदायातले लोक अमर हबीब यांना ‘शेतीवाले’ म्हणून बाजूला ठेवतात आणि शेतीवाले त्यांच्या नावाकडे बघतात. दोघांचेही नुकसान आहे. त्यांचा प्रश्न साधा आहे. कारखान्याच्या मालकाला किती कारखाने काढावेत याची मर्यादा नाही, वकिलाच्या फीला मर्यादा नाही, मग शेतकऱ्यालाच १८ एकर बागायत आणि ५४ एकर जिरायत ही मर्यादा का? या प्रश्नाला समाजवादी मित्रांकडून मला आजवर धड उत्तर मिळालेले नाही.

आणि मळ्यांचे झाले काय? महामंडळ तोट्यात गेले. वर्षानुवर्षे पाण्याखालच्या काळ्या जमिनी पडीक राहिल्या. खंडकऱ्यांचा लढा निम्म्या शतकाचा झाला, आणि गंमत अशी की तो लढवला कॉम्रेड माधवराव गायकवाड यांनी. खाजगी मालकी परत मिळवून देणारा नेता कम्युनिस्ट! शेवटी २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन जमिनी परत द्यायला सुरुवात झाली. तीही भोगवटादार वर्ग २ चा शिक्का मारून, म्हणजे विकायची तर सरकारची परवानगी काढावी लागायची.

नॉझिक यांच्या मांडणीत मालकी न्याय्य कधी ठरते? पहिल्यांदा मिळवताना अन्याय नसावा, हाती देताना जबरदस्ती नसावी, आणि मागे अन्याय झाला असेल तर तो दुरुस्त करावा. माझ्या मित्राची बाजू या तिन्ही कसोट्यांवर उतरते. माझे मत विचाराल तर खंडकऱ्यांना जमीन मिळाली हे योग्यच झाले, पन्नास वर्षे उशिरा झाले.

आता दादांकडे. स्वतंत्रतावादाचे मूळ ज्या जॉन लॉक यांच्याकडे सांगतात, त्यांनी म्हटले की माणूस निसर्गात आपले श्रम मिसळतो तेव्हा वस्तू त्याची होते. मग चाळीस वर्षे रात्री-अपरात्री कंदील घेऊन उसात दारे धरणाऱ्याचे श्रम कशात मिसळले? लॉकचे उत्तर असे की मजुराने श्रम विकले, ते धन्याचे झाले. कागद झाला की श्रम गप्प.

फिक्हच्या परंपरेत हा वाद फार जुना आहे. मृत, पडीक जमीन जिवंत करणाऱ्याची ती होते, असे हदीसमध्ये येते. आठव्या शतकात इराकमध्ये प्रश्न उभा राहिला की यासाठी राज्यकर्त्याची परवानगी लागेल का? इमाम अबू हनीफा म्हणाले लागेल. त्यांचेच शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद शैबानी म्हणाले लागणार नाही. बाजारभावाबाबतही तसेच. टंचाईच्या काळात भाव बांधून द्या अशी मागणी आली तेव्हा प्रेषितांनी नकार दिला, हे स्वतंत्रतावादी मुसलमान हौसेने सांगतात. पण पुढच्या फकिहांनी, विशेषतः इब्ने तैमिया यांनी, साठेबाजीने बाजार नासला असेल तर राज्यकर्त्याने भाव ठरवणे योग्य मानले, हे सांगायला ते विसरतात.

आपल्या मराठीत मालक, हक्क, मिरास, वारस हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले. मलिक अंबरच्या जमीन व्यवस्थेचे वर्णन करताना इतिहासकार मिरास हक्काला मिळालेल्या मान्यतेचा उल्लेख करतात. गावात मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग होते. मिरासदाराला हक्क, उपऱ्याला सोय. दादा उपरीच.

मळ्यावरच्या कामगारांची मागणी जमिनीची नव्हती, घरापुरत्या दोन गुंठ्यांची होती. आणि खंडकऱ्याला जमीन परत देताना कामगार कुठे जाईल हा प्रश्न स्वतंत्रतावादाच्या चौकटीत उभाच राहत नाही. कारण त्याचे काही ‘घेतलेले’ नाही, तर ‘परत’ काय करणार? डॉ. आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये नेमके यावर बोट ठेवले होते. सरकारचा हात काढला म्हणजे स्वातंत्र्य येते, पण कोणाला? भाडे वाढवायला जमीनदाराला, आणि कामाचे तास वाढवायला कारखानदाराला. त्यांचा उपाय सरकारी मालकीच्या सामुदायिक शेतीचा होता, आणि सरकारी शेतीचे काय होते हे आम्ही महामंडळाच्या पडीक मळ्यांत पाहिले. त्यामुळे आंबेडकरांचे निदान मला पटते, औषध पटत नाही. अमर हबीब यांच्याबाबत औषध बरेचसे पटते, निदान अपुरे वाटते.

साखरेचे उरलेले प्रकरण लवकर उरकतो. १९८४ च्या आदेशाने झोनबंदी आली. आपल्या क्षेत्रातल्या कारखान्यालाच ऊस घालायचा, शेजारचा चार पैसे जास्त देत असला तरी. शेतकरी संघटनेने त्याविरुद्ध रान उठवले आणि १९९७ मध्ये झोनबंदी उठली. अकलूज, सदाशिवनगर, माळीनगर, श्रीपूर असे कारखाने जवळजवळ असलेल्या तालुक्यात याचा अर्थ काय ते वेगळे सांगायला नको. ऊस पळवायला गाड्या बांधावर येऊ लागल्या. इथे मोकळ्या बाजाराने शेतकऱ्याला हात दिला, यात वाद नाही. पण तोच शेतकरी एफआरपीचा सरकारी आकडा आणि चौदा दिवसांत पैसे देण्याचा सरकारी नियमही सोडायला तयार नाही, आणि त्याचे बरोबर आहे. तोडलेला ऊस दोन दिवसांत वाळतो. कारखाना थांबू शकतो, ऊस थांबू शकत नाही. असा सौदा बरोबरीचा नसतो.

मुसलमान म्हणून या विचाराकडे बघताना मला सगळ्यात आधी जनावरांचा बाजार दिसतो. २०१५ मध्ये महाराष्ट्राचा प्राणी संरक्षण कायदा बदलला आणि गायीबरोबर बैल-वळूही त्यात आले. म्हातारा बैल ही शेतकऱ्याची मालमत्ता होती, तो विकून नव्या जोडीची भर पडायची. एका दुरुस्तीने ती मालमत्ता खर्चाची बाब झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाहेरच्या राज्यातले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले, ते माणसाच्या खाजगी आयुष्याच्या हक्काच्या आधारे. मूळ बंदी कायम राहिली. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी रस्त्यावरच्या मारहाणीला कंटाळून खरेदी थांबवली, तेव्हा आठवडी बाजार ओस पडले आणि शेतकऱ्यांच्या संघटना त्यांच्या बाजूने बोलल्या. पुरोगामी पक्ष तोंडात मूग धरून बसले असताना ‘माझे जनावर, मी कोणालाही विकीन’ हे ठणकावून सांगायला शरद जोशींच्या शाळेतली माणसे पुढे आली. हे आम्ही विसरू नये. अल्पसंख्याकाला सरकारचा हात घराबाहेर राहावा यासारखे दुसरे संरक्षण नाही, कारण सरकार बहुसंख्येच्या मतांवर चालते.

पण सरकार घराबाहेर राहिले तरी घर मिळायला हवे ना. नोकरी लागली तेव्हा मी शहरात भाड्याची खोली शोधत होतो. एका मालकांनी चहा पाजला, गावाचे नाव विचारले, ‘माळशिरस म्हणजे आपल्याकडचेच’ म्हणाले. मग पूर्ण नाव विचारले आणि चहाचा कप उचलता उचलता सांगितले की खोली कालच गेली. त्यांनी मला मारले नाही, शिवी दिली नाही, काही चोरले नाही. स्वतंत्रतावादाच्या हिशेबात इथे कोणाच्याच हक्काला धक्का लागलेला नाही. खोली त्यांची, मर्जी त्यांची. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व पारशांपुरते ठेवायची मुभा दिली, तीही संघटन स्वातंत्र्याच्या नावाने. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी मत दिले, तेव्हा त्यांचेही म्हणणे असेच होते. हॉटेलवाल्याने कोणाला वाढावे हे सरकार कसे सांगणार?

यावर माझे स्वतंत्रतावादी मित्र म्हणतात की बाजार अशा मालकाला शिक्षा करतो, त्याची खोली रिकामी राहते. त्या मालकांची खोली रिकामी राहिली नाही. आठवड्याभरात भाडेकरू आला. जिथे सगळी आळी एकाच पूर्वग्रहाची असते तिथे बाजार पूर्वग्रहाला शिक्षा करत नाही, त्याचे भाडे वसूल करतो. शेवटी मला खोली मिळाली ती आमच्याच लोकांच्या वस्तीत, जास्त भाड्याने, कमी पाण्याने.

मित्राच्या त्या जमिनीत आता ऊस उभा आहे. कालव्याचे पाणी कमी पडते म्हणून त्याने ठिबक केले आहे, दारे धरायला माणूस लागत नाही. मागच्या खेपेला गेलो तेव्हा तो सीलिंग उठावे म्हणून भांडत होता आणि साखरेचा भाव सरकारने बांधून द्यावा म्हणूनही भांडत होता. मी त्याला विसंगती दाखवली. तो हसला, म्हणाला, “तू पगार घेतोस म्हणून तुला सुसंगत राहता येतं.” परतताना त्याने एक मोळी ऊस गाडीत टाकला, अम्मीसाठी.